नेलंय, पण कुठं नेलंय?



कोर्टातल्या फौजदारी विभागात लिपिक म्हणून माझी एकतीस वर्षे गेली. निवृत्त होऊन उचगावात घरी बसलो, तरी लोकांनी मला कोर्टातून अजून सोडलेले नाही. कुणाला वारसाचा दाखला हवा असतो, कुणाला बांधाच्या दाव्याची पुढची तारीख कळत नसते. पण रात्री दहानंतर दाराची कडी वाजली, की प्रश्न बहुधा एकच असतो. "अण्णा, पोराला नेलंय. कुठं नेलंय कळंना झालंय."

आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. पोलिसांनी एखाद्याला नेले, तर त्याची नोंद कुठे होते, ती कुणाला पाहता येते आणि कशी पाहायची. विषय अप्रिय आहे. आपल्या घराशी याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटेल. कडी वाजवणाऱ्यांनाही आदल्या दिवसापर्यंत तसेच वाटत असते.

करवीर तालुक्यातले आमचे उचगाव आता नावापुरतेच खेडे उरले आहे. एका अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला रेल्वे, शेजारी गांधीनगरची कापडपेठ, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती मोटारसायकलने काही मिनिटांवर. गावातली पोरे दिवसभरात चार पोलीस ठाण्यांच्या हद्दी ओलांडतात. गाव येते गांधीनगर ठाण्याच्या हद्दीत, म्हणून घरची माणसे प्रथम तिकडे धावतात. पण अटकेची नोंद होते ती गुन्हा जिथे दाखल झाला त्या ठाण्यात. माणूस राहतो कुठे, याला तिथे महत्त्व नाही. भांडण शिरोलीच्या हद्दीत झाले असेल तर नोंद शिरोलीत, मोटारसायकल राजारामपुरीतून गेली असेल तर राजारामपुरीत. शिवाय स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, म्हणजे आपली एलसीबी, जिल्हाभर फिरत असते. ती माणूस उचलते आणि मग संबंधित ठाण्याच्या स्वाधीन करते. आणखी एक गोम अशी, की प्रत्येक ठाण्याला स्वतःची कोठडी असतेच असे नाही. म्हणजे नोंद एका ठाण्याची आणि माणूस दुसऱ्याच ठाण्याच्या गजाआड, असेही होते. "इथं कुणी नाही" हे उत्तर त्या ठाण्यापुरते खरे असू शकते. ते ऐकून लोक घरी परततात, आणि रात्र वाया जाते.

म्हणून मी आधी विचारतो, नेले कुणी? गाडी सरकारी होती की खासगी? गणवेश होता का? छातीवरच्या पट्टीवरचे नाव कुणी वाचले का? वेळ काय होती? आणि जे आठवेल ते तिथल्या तिथे वहीच्या पानावर लिहायला लावतो. त्यातही वेळ आधी.

वेळेचे इतके महत्त्व का, ते सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पण हे चोवीस तास मोजायचे कधीपासून? वर्तमानपत्रात रोज वाचतो, ‘संशयितास ताब्यात घेतले’. नोटीस देऊन एखाद्याला चौकशीला बोलावता येते, आणि कारण असेल तर अटकही करता येते. परंतु माणूस उठून घरीही जाऊ शकत नाही आणि नोंदवहीतही त्याचे नाव नाही, अशी मधली अवस्था कायद्याला ठाऊक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एका जुन्या निकालात स्पष्ट केले आहे, की माणसाच्या हालचालीवर बंधन आले त्या क्षणी अटक झाली. कागदावर अधिकाऱ्याने कोणती वेळ घातली यावर ते ठरत नाही. व्यवहारात मात्र कागदावरचीच वेळ कोर्टापुढे येते. सायंकाळी सहाला नेलेल्या माणसाची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला दाखवली, तर मधल्या वीस तासांचा साक्षीदार म्हणजे घरच्यांच्या वहीतले ते पान.

या मधल्या तासांत काय होऊ शकते, हे आपल्या शेजारी सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये दिसले. लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीतून पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. प्रत्यक्षात त्याचा कोठडीतच मृत्यू झाला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता, असे तपासात पुढे आले. उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. तेव्हा अटकेची नोंद म्हणजे नुसते कारकुनी काम नव्हे. माणूस कुणाच्या हाती आहे, आणि त्याच्या जिवाची जबाबदारी कुणावर आहे, हे त्या एका ओळीने ठरते.

ही ओळ सर्वांना दिसावी, यासाठी आपल्याकडे बरीच वर्षे झगडा चालला, आणि त्याचा एक जुना धागा महाराष्ट्रातलाच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायमूर्ती भगवतींनी त्या पत्रालाच याचिका मानले, आणि १९८३ च्या निकालात इतर निर्देशांबरोबर हेही सांगितले, की अटक होताच पोलिसांनी त्या व्यक्तीच्या नातलगाला वा मित्राला आणि जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे.

दुसरे पत्र बंगालमधून गेले. तिथल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. निकाल लागायला दहा वर्षे गेली. १८ डिसेंबर १९९६ च्या त्या निकालात न्यायालयाने अकरा नियम घालून दिले. अटकेचा लेखी मेमो जागेवरच करायचा, त्यावर तारीख आणि वेळ घालायची, घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, आणि अटक झालेल्याचीही सही घ्यायची. नातलग परजिल्ह्यात असेल तर आठ ते बारा तासांत त्याला तारेने कळवायचे. २०१३ साली देशातून तारच गेली, पण कळवण्याचे बंधन राहिले. आणि अटकेची माहिती बारा तासांच्या आत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला द्यायची, आणि तिथे ती फलकावर ठळक लावायची. आमच्या कार्यालयात या निकालाची प्रत आली, तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने विचारले होते, "फलक लावायचा खरा, पण तो वाचायला कोल्हापूरला जाणार कोण?"

त्याच्या शंकेत तथ्य होते. पुढे फलकाची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेतच घातली गेली आणि १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आली, पण फलक जिल्ह्याच्या ठिकाणीच. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. नव्या कायद्याच्या पुष्कळ गोष्टींविषयी वकील मंडळींत मतभेद आहेत. पण तिच्या ३७ व्या कलमाने एक काम चांगले केले, असे मला वाटते. जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, तो सहाय्यक फौजदाराच्या खालचा नसावा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याची. आणि ती माहिती प्रत्येक ठाण्यात तसेच जिल्ह्याच्या मुख्यालयात, संगणकीय पद्धतीनेही, सर्वांना दिसेल अशी लावायची. म्हणजे कोल्हापूरला जाऊन वाचायची गोष्ट कायद्याने गावाजवळच्या ठाण्यात आणली.

ठाण्यात गेल्यावर काय विचारायचे, हे ठाऊक असले की निम्मे काम होते. "आमचं पोरगं इथं हाय का?" असे विचारले, की ठाणे अंमलदार मान हलवतो आणि विषय संपतो. त्याऐवजी शांतपणे म्हणावे, "कलम ३७ प्रमाणे आजच्या अटकेची यादी पाहायची आहे. ती ठेवणारे अधिकारी कोण?" आवाज चढवायचा नाही. दहा माणसे नेऊन दारात गर्दीही करायची नाही. दोघांनी जावे, त्यातली एक घरची बाई असावी, आणि शक्य तर गावचे पोलीस पाटील बरोबर असावेत. नाव यादीत असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर मागून घ्यावा. हा नंबर आणि वर्ष हाती आले, की पुढची सगळी दारे उघडतात.

यादीत नाव नसेल तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला विचारायचे. घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘अटक आरोपी’ असा भाग आहे. जिल्हा, ठाणे आणि तारखा घातल्या की यादी येते. तिथेच दाखल झालेले प्रथम खबरी अहवालही दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला, की हे अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत, फार अडचण असेल तिथे बहात्तर तासांपर्यंत. लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, आणि अल्पवयीन मुलांची ओळख तर कुठेच उघड करता येत नाही. ते योग्यच आहे. शोधताना एक पथ्य पाळावे. नाव मराठीत एका पद्धतीने, इंग्रजीत तीन पद्धतींनी लिहिलेले असते. आडनाव पाटील असेल तर यादीत पाटीलच पाटील दिसतील. वडिलांचे नाव आणि वय जुळल्याशिवाय ‘सापडला’ म्हणू नये.

एवढे करूनही पत्ता लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन बसायचे. एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, सगळ्यांत भरवशाची जागा तीच. अटक केलेल्याला कोर्टापुढे आणावेच लागते. रविवार असो की दिवाळी, रिमांडसाठी कुणीतरी दंडाधिकारी नेमलेले असतात. आज सुट्टीचे काम कोणत्या कोर्टाकडे आहे, एवढे विचारायचे आणि तिथल्या बाकावर थांबायचे. वकील देण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते, १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक. कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिली, तर आपल्याकडचा माणूस बहुधा कळंब्याला जातो, आणि तुरुंगाच्या दारात नोंद न होता कुणी आत जात नाही.

माहितीच्या अधिकाराचाही उपयोग आहे. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला तीस दिवस, हे सर्वांना माहीत असते. पण मागितलेली माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, हे फारसे कुणी सांगत नाही. अर्जाच्या वरच्या भागात तसे स्पष्ट लिहावे. अगदीच काही कळेना, तर शेवटचा उपाय उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘त्या माणसाला आमच्यापुढे हजर करा’ असा हुकूम मागणे. पूर्वी त्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागे. मुक्काम आणि वकील मिळून तो खर्च ऐकूनच लोक हात जोडत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. त्याच्यासाठी इथल्या वकिलांनी किती वर्षे आंदोलन केले, हे आपण जाणताच. त्या मागणीचे मोल मला अशा प्रकरणात सर्वांत जास्त जाणवते.

मात्र नोंद झाली, म्हणजे घरच्यांना कळले असे नव्हे. २०१९ सालची गोष्ट सांगतो. आमच्या गावातला एक टेम्पोचालक कापडाचे गठ्ठे घेऊन बेळगावकडे गेला आणि परतलाच नाही. गठ्ठ्यांच्या खाली मालकाने गोव्याची दारू भरली होती. सीमेपलीकडच्या एका ठाण्यात चालकाला अटक झाली. मोबाईल मुद्देमालात जमा. त्याने पत्ता सांगितला ‘उचगाव’, आणि लिहिणाऱ्याने कन्नडमध्ये लिहिले, उचगाव, तालुका बेळगाव. श्रोतेहो, बेळगावजवळही एक उचगाव आहे, मळेकरणी देवीमुळे प्रसिद्ध असलेले. तिथल्या हवालदाराला त्याच्या घराजवळचे तेवढे एकच उचगाव ठाऊक. अटकेचा निरोप त्या उचगावात गेला. तिथे या नावाचा कुणी नाही म्हणून परत आला, आणि कागदाला लागून राहिला. इकडे त्याची बायको दोन लेकरे घेऊन कोल्हापुरातली ठाणी पालथी घालत होती. तिसऱ्या दिवशी मी बेळगावातल्या एका ओळखीच्या वकिलांना फोन केला, आणि त्यांनी कोर्टाच्या रोजच्या कामाच्या यादीतून नाव काढून दिले. कायद्याने करायचे ते सगळे वेळेत झाले होते. मेमो होता, सही होती, चोवीस तासांत कोर्टापुढे उभेही केले होते. फक्त निरोप शंभरेक किलोमीटर अलीकडे राहिला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक चालकाला मी सांगतो, पत्ता सांगताना करवीर तालुका आणि कोल्हापूर जिल्हा म्हटल्याशिवाय सही करू नका.

आता नाण्याची दुसरी बाजू. अटकेची यादी सर्वांना खुली केली, की ती फक्त आईबाप वाचत नाहीत. अमेरिकेत लहानलहान ग्रामीण कौंटींमध्येही शेरीफच्या कार्यालयाकडून तुरुंगातल्या माणसांची यादी फोटोसह प्रसिद्ध होते. काही खासगी कंपन्यांनी ते फोटो गोळा करून आपल्या संकेतस्थळांवर टाकले, आणि काढून टाकायचे तर पैसे द्या म्हणून धंदा मांडला. माणूस निर्दोष ठरला तरी फोटो तिथेच. शेवटी काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्याकडे कंपनीचीही गरज नाही. यादीवरचे नाव सकाळी मोबाईलच्या स्टेटसला लागते आणि दुपारपर्यंत ठरलेले लग्न मोडते.

त्यातही आपल्याकडे गणपती आणि निवडणुका जवळ आल्या, की प्रतिबंधक कारवाया होतात. अशा कारवाईत एखाद्याने गुन्हा केला असे कुणी म्हणतही नसते, तो करू नये म्हणून ती केलेली असते. पण ‘अटक’ हा शब्द एकदा नावापुढे आला, की वाचणारा हा भेद करत बसत नाही.

सरकारने माणसांच्या याद्या ठेवाव्यात, याला या भूमीत वेगळाच इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांतल्या माणसांनी काहीही केलेले नसताना त्यांची नावे नोंदवहीत घातली. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्या याद्यांचा वास काही ठाण्यांतून अजून गेलेला नाही, हे पारधी वस्तीतला कुणीही सांगेल. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावकामगारापुढे रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. हजेरीची वही आणि अटकेचा फलक, दोन्हींत नावेच असतात. हजेरीत सरकार माणसावर नजर ठेवत होते. फलकावरचे नाव लोकांनी सरकारवर नजर ठेवावी म्हणून आहे. तो फलक चावडीवरच्या टवाळीसाठी वापरणाऱ्याला हा फरक समजावून सांगणे मला अजून जमलेले नाही.

शिवाय हा फलक अर्धवट बोलतो. अटक केव्हा झाली हे तो सांगतो, सुटका केव्हा झाली हे सांगत नाही. औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागताना पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, आणि जुना गुन्हा तिथे वर येतो. म्हणून निकाल लागला, निर्दोष सुटला, की पेढे वाटण्याआधी निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करावा. ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे, गुन्हा नंबर आणि वर्ष घातले की खटल्याचा शेवट काय झाला ते दिसते. तेही छापून ठेवावे, पण वजन असते ते शिक्क्याच्या नकलेला.

त्या टेम्पोचालकाची २०२३ साली निर्दोष सुटका झाली. दारू मालकाने भरली होती, त्याला माहीत नव्हती, हे कोर्टाने मान्य केले. निकालाची नकल त्याने मराठीत भाषांतर करून घेतली, दोन्हींना प्लास्टिकचे आवरण घातले, आणि गाडीच्या कप्प्यात विमा, पीयूसी आणि आरसी बुकाच्या खाली ठेवून दिली. नाक्यावर गाडी अडवली, की तो आधी परवाना दाखवतो. तो कागद त्याला आजवर दोनदा काढावा लागला आहे.